पाण्याला न टेकलेला हात

एका गावात एक तळं होतं, आणि त्या तळ्यातल्या मरळी गावातल्या माणसांपेक्षा शहाण्या होत्या. हे मी नाही म्हणत, गावच म्हणायचं. मरळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. चपटं डोकं, अंगावर सापासारखी नक्षी आणि स्वभाव भलता संशयी. काठावर कुणी पाय आपटला की ती गेलीच. पाण्यावर नुसती सावली पडली तरी गेली. बाकीचे मासे जाळ्यात मुकाट येत. मरळ मात्र गळाला लावायची तर अंगात विद्या लागायची, आणि ती विद्या सगळ्यांना नसायची.

म्हणून त्या गावानं वर्षातला एक दिवस राखून ठेवला होता. माघातली पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी 'एकगळी'. त्या दिवशी तळ्यात जाळं पडायचं नाही. एका माणसाला एक काठी, एक दोर आणि एक गळ. तांबडं फुटल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत ज्याला जे मिळेल ते मिळेल. ज्याची मरळ सगळ्यांत मोठी, त्यानं घाटावरच्या जांभळीखाली सागवानी पाटावर बसायचं आणि गावानं त्याला पहिला घास द्यायचा. पण पाटावर बसण्याआधी एक काम असे. घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून, उजवा हात तळ्यात घालून, तीन गोष्टी खऱ्या सांगायच्या. कुठं बसलो, गळाला काय लावलं आणि हे शिकलो कुणाकडून.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं या तिसऱ्या गोष्टीवर आहे. शिकवणारा हयात असेल तर पाटाचा मान त्याला मिळायचा. मासा धरणाऱ्यानं शेजारी बसायचं. नाहीतर आपली विद्या दुसऱ्याला कोण कशाला देईल, असा जुन्या माणसांचा विचार. शिकवणाऱ्यानंही पाण्यात हात घालून 'होय, मी शिकवलं' असं म्हणायचं. पाण्यात हात घालून जो खोटं बोलेल, त्यानं वर्षभर गळाला हात लावायचा नाही. आणि जो सलग बारा वर्षं, म्हणजे पुरतं एक तप, पाटावर बसेल, त्याचं नाव घाटाच्या दगडात कोरायचं. आजवर असं नाव एकाचंही कोरलेलं नव्हतं.

त्या गावात म्हाळू भोई राहायचा. पन्नाशीचा, काटकुळा, मिशांना तेल लावणारा. म्हाळू सलग अकरा वर्षं पाटावर बसला होता.

मरळ धरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे आधी मान्य करू. त्याच्या बापानं त्याला सगळं शिकवलं होतं. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाला म्हाळू बापाचं नाव खरं सांगायचा आणि पाट स्वतःला मिळवायचा. घोळ होता तो पहिल्या दोन प्रश्नांत. कुठं बसलो आणि काय लावलं, हे सांगितलं तर पुढच्या वर्षी सगळं गाव तिथं बसणार, तेच लावणार. मग म्हाळूला कोण विचारणार? खोटं बोलावं तर हात पाण्यात. म्हाळूनं यावर तोड काढली. तो शेवटच्या पायरीवर उकिडवा बसायचा, बाही सावरायचा आणि हात पाण्यावर न्यायचा. पण टेकवायचा नाही. बोटभर वर ठेवायचा. मागं पायऱ्यांवर उभ्या असलेल्या लोकांना दिसायची त्याची पाठ. तळ्याचा राखणदार केरबा आबा जवळ असायचा, पण त्याच्या डोळ्यांत सारा पडलेला, जवळचंही धूसर दिसायचं.

मग म्हाळू खुशाल थापा मारायचा. एका वर्षी म्हणाला, चिंच लावली. एका वर्षी म्हणाला, दक्षिणेच्या चिखलात बसलो. लोक बिचारे वर्षभर चिंच लावून बसायचे. म्हाळूच्या मनाला याची टोचणी नव्हती. हात पाण्याला लागलाच नाही, तर खोटं बोललो कुठं? असा त्याचा हिशोब. माणूस स्वतःला शेंडी लावायला बसला की त्याच्याइतका हुशार न्हावी सापडत नाही.

त्या गावात तीन वर्षांपूर्वी एक कुंभार आणि त्याची बायको राहायला आले होते. बायकोचं नाव गोजरा. ती आली होती लांबच्या माळावरून, जिथं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारी चकती. जिवंत मासा तिनं इथं आल्यावर पहिल्यांदा पाहिला. कुंभार चाकावर बसायचा आणि गोजरा तळ्याकाठची चिकणमाती टोपलीनं आणायची. पण गावाचा आणखी एक रिवाज होता. बाहेरून आलेलं घर एकगळीला मरळ काढून दाखवीपर्यंत गावचं नव्हे, पाहुणं. आणि पाहुण्यानं तळ्याची माती न्यायची तर दर टोपलीला राखणदाराची परवानगी घ्यायची.

केरबा आबानं कधी नाही म्हटलं नाही. पण विचारणं ते विचारणंच. रोज सकाळी गोजरा रिकामी टोपली घेऊन आबाच्या दारात उभी राहायची, आणि आबा जेवत असला तर त्याचं जेवण होईपर्यंत उभी राहायची. एवढी हसरी बाई, पण त्या दारात उभी असताना तिचा चेहरा उतरलेला असायचा.

एकगळीला दोन वर्षं तिच्या गळाला काही लागलं नाही. मग एके सकाळी ती सरळ म्हाळूच्या अंगणात आली. पदर खोचलेला, हात मातीनं माखलेले. म्हणाली, "दादा, मला मरळ धरायला शिकवा. तुम्ही सांगाल तसं करीन."

म्हाळू दोर वळत बसला होता. त्याला वाटलं, आयती गंमत चालून आली. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि तिला तीन युक्त्या सांगितल्या. पहिली, तळ्याच्या मावळतीला जो उघडा खडक आहे तिथं बसायचं. त्या खडकापाशी ना वेल, ना लव्हाळं, ना मासा. पाणबुडा पक्षीसुद्धा तिकडं फिरकत नसे. दुसरी, गळाला शिळ्या भाकरीचा लगदा लावायचा, आणि रोज मूठभर लगदा पाण्यातही टाकायचा. मरळ भाकरीकडे ढुंकून बघत नाही, हे म्हाळूला पाठ होतं. आणि तिसरी युक्ती सांगताना तर त्याला हसू आवरेना. म्हणाला, बसल्यावर गायचं. जितकं खुल्या आवाजात गाशील तितकी मरळ जवळ येते.

गोजरानं तिन्ही गोष्टी बोटांवर मोजून पुन्हा म्हणून दाखवल्या. मग वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि गेली.

म्हाळूची बायको सगुणा दारात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "ती बाई भरवसा टाकून आली होती. चेष्टा करायला गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं का?" म्हाळू म्हणाला, दोन दिवस बसेल आणि कंटाळून उठेल. त्या दिवशी सगुणाच्या भाजीत मीठ नव्हतं.

दोन दिवस झाले, आठ झाले, महिना झाला. गोजरा कंटाळली नाही. रोज सकाळी मातीला जाण्याआधी घटकाभर ती उघड्या खडकावर बसायची आणि गायची. आवाज तसा बरा होता, पण गाणी तिच्या माळावरची, जात्यावरची आणि झोपाळ्यावरची. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून वाकायच्या. पुरुष घाटावरून ओरडून विचारायचे, मरळीला कुठला राग आवडतो. एकानं तर तिला स्पष्टच सांगितलं की बाई, मरळ आवाजानं पळते, म्हाळूनं तुला बनवलं. तर गोजरा म्हणाली, "ज्याच्याकडे एवढी विद्या आहे, तो माझ्याशी खोटं कशाला बोलेल? त्यांना काय कमी आहे?"

हे बोलणं फिरत फिरत म्हाळूच्या कानावर आलं. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

चैत्रात ऊन तापलं तेव्हा गोजरानं त्याच्या घरी एक माठ आणून दिला. नवा, लालबुंद, गळ्याभोवती माशांची नक्षी काढलेला. म्हणाली, गुरूला रिकाम्या हातानं कसं भेटू. त्या माठातलं पाणी इतकं गार व्हायचं की शेजारचे लोक तांब्या घेऊन यायचे. म्हाळू उन्हातून आला की घटाघटा प्यायचा आणि पिता पिता त्याला ती खडकावर गाणारी बाई आठवायची. मग तो तांब्या अर्धाच खाली ठेवायचा. त्यानं दोन-तीनदा ठरवलं की आता तिला खरं सांगून टाकू. पण सांगायचं म्हणजे आपल्या आमिषाचं, बेडकीचं सांगावं लागणार, आपल्या जागेचं, लव्हाळ्याच्या बेचक्याचं सांगावं लागणार. आणि यंदाचं वर्ष बारावं. एवढं वर्ष जाऊ दे, असं तो मनाशी म्हणायचा आणि मिशांना तेल लावायचा.

पाऊस येऊन गेला. तळं चढलं तशी गोजरा खडकावर एक हात वर सरकून बसायला लागली. दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा अंगणात आली. या खेपेला तिचे डोळे चमकत होते. म्हणाली, दादा, खडकापाशी पाणी आता रिकामं नसतं. म्हाळूला वाटलं, बाईला भास व्हायला लागले. तो म्हणाला, छान, अशीच गात राहा. आणि तिची पाठ वळल्यावर त्याला स्वतःचीच चीड आली.

असं करता करता माघ आला, आणि पौर्णिमाही झाली.

एकगळीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सगळं गाव तळ्यावर. पाण्यावर धुक्याची पातळ साय होती. हवेत गारवा होता आणि जांभळीखाली चुलवण पेटलेलं. घाटावर पाथरवट छिन्नी आणि हातोडा घेऊन आला होता. बारावं वर्ष ना. त्यानं दगड आधीच पुसून ठेवला होता आणि 'म्हाळू' ही अक्षरं केवढी काढायची ते कोळशानं आखूनही ठेवलं होतं. म्हाळूनं जाता जाता त्या आखणीकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. ळू जरा मोठा हवा होता, असं त्याला वाटलं.

तो आपल्या गुपित जागी, उत्तरेच्या लव्हाळ्यातल्या बेचक्यात जाऊन बसला. सूर्य अर्ध्यावर आला तेव्हा त्याच्या काठीला झटका बसला. म्हाळूनं घाई केली नाही. सावकाश सात मोजले आणि मग ओढलं. दीड हात आणि वर दोन बोटं लांबीची मरळ. अशी मरळ पाच वर्षांत कुणी काढली नव्हती. त्यानं ती ओल्या पोत्यात गुंडाळली आणि घाटावर आला. लोकांनी बघताच ओळखलं, झालं, पाट म्हाळूचाच. पाथरवटानं छिन्नीला धार लावायला घेतली.

तेवढ्यात मावळतीकडून आरडाओरडा ऐकू आला. धुणं धुणाऱ्या त्याच बाया आता गोजराला मध्ये घेऊन येत होत्या. गोजरा चिंब भिजलेली. तिच्या दोन्ही हातांत एक मरळ होती, आणि शेपटी तिच्या गुडघ्याखाली लोंबत होती. केरबा आबानं ती फळीवर ठेवून हातानं मोजली. सारा पडलेले डोळे असले तरी आबाचं माप चुकत नसे. दोन हातांना फक्त चार बोटं कमी. आबानं पुन्हा मोजली. मग म्हणाला, "अशी मरळ माझ्या आजोबांनी पाहिली होती म्हणे. मी आज पाहिली."

गावानं एकच कल्ला केला. म्हाळू मात्र आपल्या ओल्या पोत्याकडे बघत राहिला. बारावं वर्ष गेलं. एक तप गेलं. आणि गेलं ते कुणामुळे, तर भाकरीचा लगदा लावून गाणाऱ्या बाईमुळे. त्याला हे समजेचना. उघड्या खडकापाशी मरळ आली कुठून?

गोजरा शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून बसली. तिनं हात पाण्यात घातला, तोही थेट कोपरापर्यंत, आणि सांगायला लागली. बसले उघड्या खडकावर. गाव हसलं. मग तिनं सगळं सांगितलं तसं हसणं थांबत गेलं. पहिले दोन महिने, ती म्हणाली, पाणी रिकामंच होतं. मग रोजच्या लगद्याला बारक्या मासोळ्या यायला लागल्या. आधी चार, मग चाळीस. श्रावणापर्यंत अशी सवय झाली की ती गायला लागली की लगदा पडायच्या आतच मासोळ्या जमायच्या. गाणं म्हणजे त्यांना जेवणाची हाक झाली होती. आणि दिवाळीच्या सुमारास त्या मासोळ्यांच्या मागं एक मोठी काळी सावली तिला दिसायला लागली. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. लगदा मरळीसाठी नव्हताच. लगदा मासोळ्यांसाठी, आणि मासोळ्या मरळीसाठी. आज तिनं गळाला जिवंत मासोळी लावली आणि नेहमीचं गाणं म्हटलं.

"आणि हे शिकलीस कुणाकडून?" आबानं विचारलं.

गोजरा म्हणाली, "म्हाळूदादांकडून. जागा त्यांची, लगदा त्यांचा, गाणंही त्यांचंच. त्यांनी अर्धं सांगितलं आणि अर्धं माझं मला शोधायला ठेवलं. चांगला गुरू सगळं भरवत नाही."

मग लोकांच्या लक्षात आलं. शिकवणारा हयात आहे, इथंच उभा आहे, म्हणजे पाट म्हाळूचाच. बारावं वर्ष भरलं. वर्षभर या बाईला हसलो आणि हा माणूस मात्र मुकाट्यानं तिला घडवत होता, असं म्हणत लोक म्हाळूच्या पाठीवर थापा मारायला लागले. 'म्हाळूनं तुला बनवलं' असं ज्यानं गोजराला सांगितलं होतं त्यानं कान पकडले. पाथरवट दगडापाशी जाऊन बसला. आता म्हाळूनं फक्त हात घालून चार शब्द म्हणायचे होते.

म्हाळू पायऱ्या उतरला. गर्दीत सगुणा उभी होती. ती नुसती बघत होती, आणि तिच्या बघण्यानं त्याच्या पाठीला चटका बसला. तो नेहमीसारखा उकिडवा बसला. बाही सावरली. हात पाण्यावर नेला आणि अकरा वर्षांच्या सवयीनं बोटभर वर थांबवला.

शेजारी गोजरा अजून तशीच गुडघ्यांवर होती. तिच्या नजरेस ती फट पडली. या बाईच्या मनात वाकडं येईल तर शपथ. तिला वाटलं, दादांचं वय झालं, त्यांना वाकवत नसेल. ती जरा बाजूला सरकली, त्याला जागा करून दिली आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "दादा, अजून थोडं खाली. पाणी लागलं नाही."

म्हाळूनं तिच्याकडे पाहिलं. कोपरापर्यंत भिजलेला तिचा हात, नखांत अडकलेली माती, आणि चेहऱ्यावर नुसता आनंद. त्याला लाज वाटली. जन्मात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. बोटभर अंतर, पण अकरा वर्षं त्याला ते ओलांडता आलं नव्हतं. तो उठला. लोकांना वाटलं, पायाला मुंग्या आल्या. तर म्हाळूनं मुंडासं काढून पायरीवर ठेवलं आणि सरळ तळ्यात उतरला. गुडघाभर, कमरेभर, छातीभर. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर तो गावाकडे तोंड करून उभा राहिला. माघाचं पाणी, बर्फासारखं गार. मिशा खाली लोंबायला लागल्या.

"हात घालून भागायचं नाही," तो म्हणाला. "माझं खोटं अंगभर आहे."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. खडक सांगितला तो तिथं मासा नाही म्हणून. लगदा सांगितला तो मरळ खात नाही म्हणून. गाणं सांगितलं ते मरळ पळावी म्हणून. बाईनं आपल्या धीरानं आणि डोळ्यांनी खोट्याचं खरं केलं, त्यात माझा वाटा काही नाही. पाट तिचा आहे. शिवाय अकरा वर्षं माझा हात पाण्याला टेकलेला नाही, तेव्हा तेही पाट माझे नव्हेत.

चिंच लावून वर्ष फुकट घालवलेला एक माणूस एवढा मोठा आ वासून उभा होता की त्याच्या तोंडात माशी जायची. केरबा आबानं गोजराकडे वळून विचारलं, बाई, तुझ्याशी हा खोटं बोलला, याचं काय करायचं ते तू सांग. गोजराचा चेहरा पडला होता. वर्षभर सगळं गाव हसलं ते बरोबर होतं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिनं पदरानं डोळे पुसले. मग पाण्यात कुडकुडणाऱ्या म्हाळूकडे पाहिलं. भिजलेल्या मिशांचा तो अवतार पाहून तिला हसूही आलं.

"आता उभेच आहात पाण्यात," ती म्हणाली, "तर खरं कसं धरायचं तेही सांगून टाका. सगळ्यांना."

मग काय विचारता. म्हाळूनं बापाची सगळी विद्या तिथंच मोकळी केली. सूर्य तोंडावर घेऊन बसायचं, म्हणजे सावली पाठीमागं पडते. वहाणा लांब काढायच्या आणि पाय उचलून टाकायचे, कारण मरळ कानापेक्षा अंगानं ऐकते. लव्हाळ्यात जिथं अधूनमधून एखादा बुडबुडा फुटतो तिथं ती श्वास घ्यायला येते, तीच जागा. गळाला जिवंत बेडकी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, झटका बसला की लगेच ओढायचं नाही. मरळ आमिष आधी नुसतं ओठांत धरते. सात मोजायचे. ती वळली की मग ओढायचं. हे सात बापानं त्याच्या पाठीवर बोटानं मोजून शिकवले होते, हे सांगताना म्हाळूचा आवाज कापला. थंडीनं कापला असं तो नंतर म्हणायचा.

लोक पायऱ्यांवर बसून ऐकत राहिले. मध्येच कुणी शंका विचारी, म्हाळू पाण्यातून उत्तर देई. सांगता सांगता दात वाजायला लागले तरी बाहेर येईना. खरं सांगण्यात इतकी मजा असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी सगुणा घोंगडी घेऊन पायरीवर आली आणि म्हणाली, आता उरलेलं चुलीपाशी सांगा. तेव्हा कुठं स्वारी बाहेर आली.

गोजरा पाटावर बसली. गावानं तिला पहिला घास दिला. आबानं मातीची एक भरलेली टोपली तिच्या पुढ्यात ठेवली आणि सांगितलं की आजपासून माझ्या दारात उभं राहायचं नाही, तळं तुझं आहे. त्या रिवाजाची आपल्यालाच लाज वाटते, असंही तो पुटपुटला. गोजरा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग बायांच्या आग्रहाखातर तिनं मरळीचं गाणं म्हटलं, आणि या खेपेला कुणी हसलं नाही, सगळ्यांनी ठेका धरला.

म्हाळूला शिक्षा व्हायचीच होती. वर्षभर गळाला हात नाही. ते त्यानं कान पकडून मान्य केलं. फक्त पाथरवट छिन्नी घेऊन ताटकळला होता. आखलेली अक्षरं पुसून टाकू का, त्यानं विचारलं. चिंचवाल्या माणसाला तेव्हा एक कल्पना सुचली. त्याचाच हक्क होता म्हणा. तो म्हणाला, नाव पुसा, पण हात कोरा. शेवटच्या पायरीच्या उभ्या अंगावर, पाण्याच्या आत, वीतभर खोल. पुढं जो कुणी सांगायला बसेल त्यानं त्या कोरलेल्या हातात आपला हात बसवायचा, म्हणजे बोटभर वर ठेवायची सोय उरणार नाही.

सगळ्या गावाला ते पसंत पडलं. आणि माप कुणाच्या हाताचं घ्यायचं, यावर काही चर्चाच झाली नाही. म्हाळूनं आपला उजवा हात दगडावर ठेवला, पाथरवटानं कोळशानं रेघ मारली आणि उन्हाळ्यात तळं उतरलं तेव्हा पायरीवर त्याच मापाचा पाच बोटांचा हात कोरला.

पुढच्या एकगळीला नऊ जणांनी दीड हाताहून मोठ्या मरळी काढल्या. नऊही जणांनी त्या दगडी हातात हात ठेवून एकच नाव सांगितलं. पाट कुणाचा, हे ठरवायला आबाला फार वेळ लागला नाही. पण म्हाळू जागेवर नव्हता. तो उघड्या खडकावर गोजराशेजारी बसून भाकरीचा लगदा कालवत होता आणि गायला शिकत होता. त्याचा आवाज भयंकर होता. पण मासोळ्या जमल्या होत्या.

तात्पर्य: विद्या द्यायची तर हात राखून देऊ नये, आणि जो आपल्यावर भरवसा टाकतो त्याच्याशी खोटं वागलो असू, तर बोट भिजवून भागत नाही, अंगभर भिजून कबूल करावं.